गुळव्याची लेक

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
दातांच्या डॉक्टरीणबाई आरसा फिरवत राहिल्या,
मग म्हणाल्या, बेचाळिशीच्या बाईचे
असे दात मी पाहिले नाहीत. एक कीड नाही.
गाव कुठलं?
वडणगे, मी म्हटलं. वडील गुळवे.
त्यांनी दिवा बाजूला सारला.
आणि गूळ?
कधीच नाही.

दादा काहिलीपाशी उभे असले की
चार गावची गुऱ्हाळं त्यांचा शब्द मोडत नसत.
भेंडीचा चिकट रस, वर दाटून आलेली मळी,
चुलव्याला नुसत्या मानेनं: चिपाड कमी.
भिजलेलं बोट पाकात, पुन्हा पाण्यात,
पाण्यात गोळी, गोळी काहिलीच्या काठावर टण्ण,
की आधण उतरलं.
शाहूपुरीच्या सौद्यात रवा फोडायच्या आधी
दलाल विचारायचे, बोट कुणाचं?

मी वाफ्याच्या कडेला ओठ शिवून.
काकवीच्या वासानंच पोटात ढवळायचं.
शालनआत्या म्हणायची, गाढवाला गुळाची चव काय,
आणि सगळं गुऱ्हाळ हसायचं.
संक्रांतीचा तीळगूळ परकराच्या ओच्यात,
ओच्यातून मुंग्यांना.
गोड बोलायला मी तशीही शिकले नाही.
दूध मात्र प्यायचे. गंगावेशीत म्हैस पिळताना
पेला पुढं करायचे, फेसासकट,
साखर नको म्हटलं की गवळी कौतुकानं म्हणायचा,
ह्यी पोरगी तालमीत घाला.

माझ्या पाठचा एक होता. पाच महिन्यांचा.
हंगामातला पहिला रवा फुटला
आणि दादांनी तेच बोट त्याच्या जिभेवर फिरवलं.
मग रोज थोडं. अंगी लागावं म्हणून.
तो ओकायचा. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं.
मीठ-मोहऱ्या उतरल्या, अंगारा लावला,
सीपीआरच्या पायऱ्या चढेपर्यंत
आईच्या पदरात वजनच उरलं होतं फक्त.
आई म्हणाली, दृष्ट.
दादा काही म्हणाले नाहीत.
तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी आधण होतं, गेले.

रक्ताची नळी पुण्याला गेली. पाकीट आलं.
नववं गुणसूत्र. जनुक: अल्डोलेज बी.
मी बोट ठेवून वाचलं, पहिलीतल्या पोरीसारखं:
हजारभर अक्षरांत एका जागी
ग्वानीनचा ग हवा होता,
तिथं सायटोसीनचा स.
एक प्रत आईची, एक दादांची, दोन्हींत तीच चूक
(आई दादांच्या सख्ख्या मामाची मुलगी).
पाकिटाच्या मागं पेन्सिलीनं लिहून बघितलं:
गूळ.
सूळ.

डॉक्टर सांगत होते, साखर आतड्यात फुटते,
तिचा अर्धा वाटा काळजात जातो,
तिथं तो तोडायला एक कामगार लागतो.
तुमच्यात तो कामावर येतो, हात चालत नाहीत त्याचे.
मग माल साचतो, काळीज सुजतं.
ते चित्र काढायला कागद शोधू लागले.
मी म्हटलं, राहू द्या, कळलं.
चुलवाण पेटलेलं, काहील भरलेली,
आणि गुळव्याचा पत्ता नाही.

संध्याकाळच्या एसटीनं वडणग्याला गेले.
दादा दारात खुर्ची टाकून, ऐंशीचे,
दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, कुणाचे तरी असल्यासारखे.
दातवाली काय म्हणाली?
दात चांगलेत म्हणाली.
पाकीट पिशवीत होतं. पिशवी मांडीवर.
रस्त्यावरनं उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्यांचा,
तो पार वळणापर्यंत जाऊ दिला त्यांनी.

तू तोंड मिटायचीस, म्हणाले.
लई मारलंय तुला त्यावरनं.

मग बराच वेळानं,
त्येला मिटाय येत नव्हतं.

आणि शेजारच्या तांब्यात
ते बोट बुडवून बसले,
गोळी जमतीय का बघत असल्यागत.